फेज-चेंज कूलिंगमध्ये मॉइश्चर चोक पुन्हा पुन्हा का होतो आणि तो कायमचा कसा घालवायचा

घरी जोडलेलं फेज-चेंज युनिट, म्हणजे फ्रीजच्या तंत्राने प्रोसेसर थंड करणारं यंत्र, सुरू होतं, इव्हॅपोरेटर (प्रोसेसरवरचा थंड ठोकळा, म्हणजेच हेड) उणे ३५ अंशांच्या खाली उतरतो, कॉम्प्युटर बूट होतो, वाढवलेली फ्रिक्वेन्सी टिकते. वीस-तीस मिनिटं सगळं सुरळीत चालतं. मग आपण काहीही न बदलता तापमान चढायला लागतं, बघता बघता शून्याच्या वर जातं आणि मशीन हँग होतं. कंप्रेसर मात्र चालूच असतो. थोड्या वेळाने हेडमधून फुसफुस ऐकू येते आणि तापमान पुन्हा खाली. फ्रीजवाल्याला बोलावून गॅस काढला, ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारी डबी) बदलला, नवा गॅस भरला. काही दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच.

बहुतेक वेळा हे कॅपिलरीच्या, म्हणजे गॅसचा दाब उतरवणाऱ्या बारीक नळीच्या, तोंडाशी पाणी गोठल्यामुळे होतं. आपल्याकडचे मेकॅनिक याला मॉइश्चर चोक म्हणतात आणि निदान सहसा बरोबर करतात. गाडी अडते ती निदानानंतर. बर्फ वितळवला आणि गॅस बदलला म्हणजे काम झालं असं धरलं जातं, पण पाणी सर्किटमध्ये कुठून आलं किंवा अजून कुठून येतंय हे कुणी शोधत नाही. ती वाट सापडून बंद होत नाही तोवर कितीही ड्रायर बदला, चोक परत येणार.

ज्यांनी नुकतीच सुरुवात केली आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: हे सर्किट फ्रीजचंच आहे. कंप्रेसर, कंडेन्सर, ड्रायर, कॅपिलरी आणि शेवटी भाजीच्या कप्प्याऐवजी प्रोसेसरवर दाबून बसवलेला तांब्याचा पोकळ ठोकळा, ज्याला आपण हेड म्हणतो. कल्पना जुनी आहे. क्रायोटेक या अमेरिकन कंपनीने जानेवारी २००० मध्ये याच पद्धतीने थंड केलेला एएमडी अ‍ॅथलॉन १ गिगाहर्ट्झवर चालवून दाखवला, एएमडीचा स्वतःचा १ गिगाहर्ट्झचा अ‍ॅथलॉन बाजारात यायच्या आधी. फ्रीज आणि आपलं युनिट यांत एक फरक मात्र या तक्रारीच्या मुळाशी आहे. फ्रीजमध्ये चोक झाला तर दूध नासायला काही तास लागतात. आपल्या हेडखाली दीडशे वॉटचा हीटर सतत पेटलेला असतो.

हिशेब करून पाहा. अर्धा किलो तांब्याचा ठोकळा एक अंश तापवायला साधारण १९० ज्यूल लागतात. दीडशे वॉटला तो सेकंदाला पाऊण अंशापेक्षा जास्त चढतो, म्हणजे गॅसचा प्रवाह पूर्ण थांबला तर उणे ३५ वरून शून्यावर यायला पाऊण मिनिट पुरतं. मशीन रिकामं बसलेलं असेल आणि प्रोसेसर ३० वॉट घेत असेल तर हाच प्रवास पावणेचार मिनिटांचा होतो. म्हणून रेंडर किंवा स्ट्रेस टेस्ट चालू असताना चोक लगेच जाणवतो आणि नुसतं डेस्कटॉप उघडून बसलं तर कधी कळतही नाही. बर्फही प्रोसेसरच्याच उष्णतेने वितळतो, त्यामुळे चक्र आपोआप फिरत राहतं आणि दोष सॉफ्टवेअरचा किंवा व्होल्टेजचा वाटतो. अशा वेळी बायॉसमध्ये तास घालवणारे अनेक जण मी पाहिले आहेत.

आधी खात्री करा, कारण असंच वागणारे आणखी काही दोष आहेत. त्यासाठी तीन गोष्टी एकाच वेळी डोळ्यांसमोर हव्यात: हेडला चिकटवलेल्या थर्मोकपलचं (तापमान मोजणाऱ्या तारेचं) तापमान, सक्शन बाजूचं (हेडकडून कंप्रेसरकडे गॅस परत येतो त्या बाजूचं) गेज आणि कंप्रेसरच्या वायरीवरचा करंट मोजणारा क्लॅम्प मीटर. नुसत्या तापमानावरून काहीच सांगता येत नाही.

तापमान चढत असताना सक्शनचा काटा खाली खोल व्हॅक्यूमकडे गेला, कंप्रेसरचा करंट कमी झाला आणि कंडेन्सर हाताला नेहमीपेक्षा गार लागू लागला, तर प्रवाह अडला आहे. तापमान चढताना सक्शनचं प्रेशरही चढत असेल, तर कुठेही चोक नाही. प्रोसेसर जेवढी उष्णता टाकतोय तेवढी उचलण्याची युनिटची ताकद नाही किंवा कंडेन्सरचा पंखा बंद पडलाय. दोन्ही बाजूंची प्रेशर सुरुवातीपासूनच कमी आणि स्थिर असतील, तर गॅस कमी आहे. आणि हेड उणे ४० ला शांत बसलेलं असतानाच मशीन गोठत असेल, तर तो प्रोसेसरचा कोल्ड बग. काही चिप ठरावीक तापमानाखाली चालतच नाहीत. तिथे गॅसच्या कामाला हात लावू नका.

प्रवाह अडल्याचं दिसलं की पुढचा प्रश्न: अडवणारं काय आहे? यासाठी सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे प्रवाह कोणत्या तापमानाला परत सुरू होतो. हेड शून्याच्या आसपास किंवा थोडं वर आलं की दर वेळी त्याच जागी काटा उसळत असेल, तर बर्फ आहे. उणे वीस-पंचवीसलाच कधी सुटतं, कधी नाही, असं अनियमित असेल तर घट्ट झालेलं तेल किंवा त्यातलं मेण असू शकतं. जुन्या आर-२२ च्या (हे आर-क्रमांक म्हणजे सर्किटमधल्या गॅसचे प्रकार) कंप्रेसरमध्ये मिनरल तेल तसंच ठेवून वर आर-१३४ए किंवा आर-४०४ए भरलं की हे हमखास होतं, कारण ते तेल या गॅसमध्ये मिसळत नाही आणि हेडमध्ये साचत जातं. आणि खोलीच्या तापमानाला आणूनही प्रवाह पूर्ववत होत नसेल, तर कॅपिलरीत कचरा आहे: ब्रेझिंगची (टॉर्चने काडी वितळवून पाइप जोडण्याची) काळी पपडी, कापताना राहिलेला बुरा किंवा आत ओघळलेली चांदी.

फ्रीजमध्ये मेकॅनिक कॅपिलरीच्या तोंडाशी गरम पाण्याचं फडकं धरून बर्फाची परीक्षा घेतो. आपल्याकडे कॅपिलरी सक्शनच्या होजमधून (लवचिक नळीतून) जाऊन थेट हेडच्या पोटात उघडते, तिथे फडकं पोहोचत नाही. म्हणून सगळं बंद करा, हेड पंधरा-वीस अंशांवर येऊ द्या, पुन्हा सुरू करा आणि घड्याळ लावा. सुरुवातीला उत्तम थंडावा आणि जवळपास तेवढ्याच वेळाने पुन्हा चोक, असं दोनदा दिसलं की शंका उरत नाही. मात्र बंद आणि चालू यांत किमान पाच मिनिटं जाऊ द्या. दोन्ही बाजूंचं प्रेशर समान झाल्याशिवाय फ्रीजचा छोटा कंप्रेसर उठत नाही, ओव्हरलोडवर टकटक करत बसतो.

आता मुळाकडे. लोकांचा विश्वास बसत नाही की इतकं थोडं पाणी एवढा गोंधळ घालतं. ०.०३१ इंची कॅपिलरीचं भोक जेमतेम ०.७९ मिलिमीटरचं. त्यात पाच मिलिमीटर लांबीचं बर्फाचं बूच बसायला सव्वादोन-अडीच मिलिग्रॅम पाणी लागतं. पाण्याच्या एका थेंबात अशी वीसेक बुचं निघतात. मुंबई-ठाण्याच्या पावसाळ्यात ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असताना एक लिटर हवेत सुमारे २४ मिलिग्रॅम वाफ असते. कंप्रेसरचं पोट, कंडेन्सर, होज मिळून दोन-तीन लिटरची पोकळी सहज होते. म्हणजे जुलैमध्ये सर्किट उघडं ठेवलं आणि हवा नीट काढली नाही, तर पाणी वेगळं ओतायची गरजच नाही. तेच काम नागपुरात मे महिन्यात, ४२ अंश आणि १५ टक्के आर्द्रतेत केलं, तर लिटरमागे आठ-नऊ मिलिग्रॅमच येतात. मी पावसाळ्यात सर्किट उघडायला नाही म्हणत नाही, पण उघडायचंच तर एसी लावलेल्या खोलीत, सगळे सुटे भाग रबरी बुचांनी बंद ठेवून.

इथे कुणीही विचारेल, मग ड्रायर कशाला असतो? रास्त प्रश्न आहे. पंधरा-वीस ग्रॅमचा नवा, खरोखर कोरडा ड्रायर ग्रॅमभर पाणी धरू शकतो, म्हणजे वरच्या हिशेबाच्या कितीतरी पट. म्हणून सर्किट बंद करताना चुकून थोडा ओलावा राहिला असेल, तर पहिल्या काही तासांत एक-दोन चोक येतात आणि गॅस ड्रायरमधून फिरत राहिला की हळूहळू थांबतात. तसं झालं तर सोडून द्या, काही करू नका. पण महिन्याभराने चोक परत येत असेल, तर ड्रायर बसवतानाच निकामी झालेला होता किंवा पाणी अजूनही येतंय, या दोनपैकी एक गोष्ट नक्की.

ड्रायर निकामी होतो तो बहुधा कामाच्या टेबलावर. टोकं उघडून ठेवली, मग पाइप कापायला घेतले, चहा झाला, ब्रेझिंगच्या टॉर्चचा गॅस संपला म्हणून सिलिंडर आणायला गेले. तोवर आतले मणी खोलीतली दमट हवा पीत राहतात. ड्रायर सगळ्यात शेवटी उघडायचा आणि उघडल्यावर काही मिनिटांत ब्रेझिंग पूर्ण करायचं. दुकानात विचारून घ्या: आर-१३४ए साठी एक्सएच-७ किंवा एक्सएच-९ मण्यांचा हवा, जुन्या आर-१२ च्या काळातला एक्सएच-५ नको. बसवताना कॅपिलरीचं टोक खाली येईल असा उभा किंवा तिरका बसवा. गरम ड्रायर कमी पाणी धरतो, म्हणून तो कंडेन्सरच्या गरम हवेच्या झोतात ठेवू नका. दुपारी चोक होतो आणि रात्री होत नाही, या तक्रारीमागे कधी कधी एवढंच असतं.

कोणता गॅस आहे यावरही बरंच अवलंबून आहे. आर-१३४ए पाणी बऱ्यापैकी विरघळवून घेतो, आर-२९० म्हणजे प्रोपेन फारच कमी. त्यामुळे आर-१३४ए वर चोक न होणारं सर्किट तसंच ठेवून आर-२९० भरला की चोक व्हायला लागतो आणि दोष नव्या गॅसला दिला जातो. पाणी आधीपासूनच होतं, फक्त विरघळलेलं होतं म्हणून दिसलं नाही.

पण परत परत येणाऱ्या चोकचं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात दुर्लक्षित कारण आहे सक्शन बाजूचं लीक. याकडे दुर्लक्ष होतं कारण आपल्या डोक्यात लीक म्हणजे गॅस बाहेर जाणं. आर-१३४ए वातावरणाच्या दाबाला उणे २६ अंशांवर उकळतो. तुम्ही हेड उणे ३५ वर नेलं की आतला दाब ०.६६ बार उरतो. गेजवर सुमारे १० इंच व्हॅक्यूम दिसतो. म्हणजे मशीन चालू असेपर्यंत हेड, होज आणि कंप्रेसरचं पोट हे सगळं बाहेरची हवा आत ओढत असतं. सक्शनच्या जोडावर सुईच्या टोकाएवढं छिद्र असेल, तर त्यातून गॅस जाण्याऐवजी दमट हवा आत येते. हल्लीच्या घरगुती फ्रीजमधला आर-६००ए चा कंप्रेसर त्याच गॅसवर वापरला तर परिस्थिती आणखी वाईट, कारण तो गॅस उकळतोच उणे १२ च्या आसपास. चालू मशीनवर साबणाचा फेस लावून हे लीक कधीच सापडणार नाही. फुगा येत नाही, फेस उलट आत ओढला जातो.

हवा आत गेल्याची खूण हाय साइडला, म्हणजे कंप्रेसरनंतरच्या जास्त दाबाच्या (डिस्चार्ज) बाजूला मिळते. हवा कंडेन्सरमध्ये द्रव होत नाही, तिथे साचून राहते आणि प्रेशर वाढवते. कंडेन्सरच्या मधल्या वळणाचं तापमान मोजा. आर-१३४ए असेल आणि ते ४५ अंश असेल, तर डिस्चार्जचं गेज दीडशे पीएसआयच्या आसपास असायला हवं. ते १९०-२०० दाखवत असेल आणि गॅस जास्त भरलेला नसेल, तर आत हवा आहे. चोक आणि चढतं हाय प्रेशर दोन्ही एकत्र दिसले की मी ड्रायरचा विचारसुद्धा न करता थेट सक्शनचे जोड तपासायला घेतो.

जोड कुठे फुटतात हे सांगतो, कारण शोधाचा निम्मा वेळ इथे वाचतो. पहिला संशय कंप्रेसरच्या तोंडाच्या नळ्यांवर घ्या. बऱ्याच कंप्रेसरच्या या नळ्या दिसायला तांब्याच्या असल्या तरी आतून लोखंडी असतात, वर फक्त तांब्याचा मुलामा. त्यावर तांब्याला तांबं जोडायची फॉस्फरसवाली साधी काडी वापरली, तर जोड लागतो, पण ठिसूळ होतो आणि कंप्रेसरच्या कंपनाने पुढे तडकतो. चुंबक लावून पाहा. चिकटला तर ३५ ते ४५ टक्के चांदीची काडी आणि फ्लक्स (जोडाचा धातू स्वच्छ ठेवणारी पेस्ट) हवाच. स्टेनलेसच्या नागमोडी होजचं टोक हेडच्या तांब्याला जोडतानाही हाच नियम. दुसरी गोष्ट फ्लक्सची. फ्लक्स वितळून काचेसारखा बसतो आणि बारीक छिद्र तात्पुरतं बुजवतो. तपासणीत जोड पास होतो. पुढे दव आणि पाण्याने तो फ्लक्स विरघळतो आणि छिद्र उघडं पडतं. मी हाताळलेल्या एका मशीनमध्ये नेमकं हेच होतं: काळ्या इन्सुलेशनखाली कंप्रेसरचा सक्शन जोड, वर फ्लक्सचा थर आणि त्याखाली डोळ्याला न दिसणारं छिद्र. म्हणून ब्रेझिंग झाल्यावर गरम पाणी आणि तारेच्या ब्रशने जोड लख्ख धुवा, मगच तपासा. तिसरी जागा म्हणजे चार्जिंगचा व्हॉल्व्ह, त्यातली पिन आणि टोपीतलं रबर. चौथी, कुणी रबरी होज वापरला असेल तर खुद्द तो होज, कारण रबराच्या भिंतीतूनही ओलावा हळूहळू झिरपतो. सक्शनला स्टेनलेसचा नागमोडी होजच वापरा.

व्हॅक्यूमबद्दल आता बोलायलाच हवं. आपल्याकडे जुना फ्रीजचा कंप्रेसर उलटा जोडून व्हॅक्यूम मारायची सर्रास पद्धत आहे. गेजचा काटा ३० इंचांच्या खुणेला टेकतो आणि सगळे समाधानी होतात. पण ३० इंचांचं ते गेज शेवटच्या टप्प्यात काहीच सांगत नाही. आपल्याला हवा असतो ५०० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन हे व्हॅक्यूम मोजायचं बारीक एकक) खोल व्हॅक्यूम, आणि ५०० मायक्रॉन म्हणजे पाऱ्याचा जेमतेम ०.०२ इंच, काट्याची स्वतःची जाडी त्याहून जास्त असते. जुना कंप्रेसर तिथवर पोहोचत नाही. दोन टप्प्यांचा रोटरी पंप आणि मायक्रॉन गेज, या दोन वस्तू एका दिवसासाठी भाड्याने किंवा उसन्या आणाव्या लागल्या तरी आणा. पंपाचं तेल ताजं असू द्या. दुधाळ झालेलं तेल स्वतःच पाणी सोडतं.

दुरुस्तीला बसलात की क्रम असा ठेवा. आधी गॅस. आर-२२, आर-१३४ए, आर-४०४ए हवेत सोडू नका, रिकव्हरी मशीनने सिलिंडरमध्ये काढून घ्या. आर-४०४ए ची पृथ्वी तापवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास ३९०० पट आहे आणि आर-२२ ओझोनलाही खातो. आर-२९० मोकळ्या हवेत, घराबाहेर, आसपास ज्योत किंवा चालू स्विच नसताना हळूहळू सोडा. सर्किटमध्ये गॅस असताना टॉर्च पेटवायचा नाही, प्रोपेन असो वा नसो. प्रोपेन काढल्यावरही नायट्रोजनने सर्किट धुऊन घ्या आणि जोड वितळवून सोडवू नका, पाइप कटरने कापा.

पाणी बऱ्यापैकी गेलं असेल तर कॅपिलरी आणि ड्रायर दोन्ही नवे घ्या. कॅपिलरी कटरने कापू नका, भोक चेपतं. कानशीच्या धारेने भोवती खूण करून हलकेच मोडा. ड्रायरमध्ये ती सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर आत जाऊ द्या. जाळीला टेकली तर प्रवाह अडतो आणि कमी गेली तर ब्रेझिंगची चांदी तोंड बुजवते. ब्रेझिंग करताना पाइपमधून नायट्रोजनचा अगदी बारीक झोत सोडत राहा, म्हणजे आत काळी पपडी धरत नाही. ती पपडीच पुढे कॅपिलरीत जाऊन अडकते.

मग प्रेशर टेस्ट, फक्त कोरड्या नायट्रोजनने. कंप्रेसर चालवून हवा भरण्याची युक्ती वापरू नका; जो ओलावा काढायचा तोच आपण आत ढकलत असतो. आणि ऑक्सिजनचा सिलिंडर टेस्टसाठी कधीही जोडू नका. कंप्रेसरच्या तेलाशी दाबाखालचा ऑक्सिजन आला की स्फोट होतो, त्यात माणसं मेलेली आहेत. नायट्रोजन दीडशे पीएसआयला भरून प्रत्येक जोडावर साबण लावा, मग रात्रभर तसंच ठेवा. संध्याकाळचं आणि सकाळचं खोलीचं तापमान लिहून ठेवा, कारण खोली गार झाली की प्रेशर थोडं आपसूक उतरतं. सक्शनचं लीक सापडेल ते याच टप्प्यात, कारण आता आतला दाब बाहेरपेक्षा जास्त आहे. इथे घाई करू नका. सापडलं नाही तर हेड आणि होज कंप्रेसरपासून सोडवून, टोकं बंद करून, नायट्रोजन भरून बादलीत बुडवून पाहा. नंतर बाहेरून पुसून, कोरडं करूनच टोकं उघडा.

लीक बंद झालं की पहिला व्हॅक्यूम दीड-दोन हजार मायक्रॉनपर्यंत न्या. मग कोरड्या नायट्रोजनने तो मोडा, दहा-पंधरा मिनिटं राहू द्या, काढून टाका आणि पुन्हा व्हॅक्यूम घ्या. हे दोनदा करा. नायट्रोजन आतली वाफ स्वतःबरोबर घेऊन बाहेर येतो, नुसत्या पंपाने हे इतक्या लवकर होत नाही. दरम्यान कंप्रेसरचं पोट आणि हेड हेअर ड्रायरने कोमट ठेवा. दाब झपाट्याने उतरला तर आत साठलेला थेंब उकळता उकळता स्वतःच गोठतो आणि मग बर्फातून वाफ निघायला खूप वेळ लागतो. तिसऱ्या वेळी ५०० मायक्रॉनच्या खाली नेऊन पंपाचा व्हॉल्व्ह बंद करा आणि गेजकडे पंधरा मिनिटं पाहत राहा. आकडा थोडा चढून दीड-दोन हजारांवर स्थिर झाला तर आत अजून पाणी उकळतंय, पंप परत लावा. न थांबता चढतच गेला तर लीक आहे, नायट्रोजनकडे परत जा. हजाराच्या आत टिकला तरच गॅस भरा. लांब चार्जिंग होज आणि पिन न काढलेला व्हॉल्व्ह यांमुळे व्हॅक्यूम तासन्‌तास अडतो, हेही लक्षात असू द्या.

तेलाचा एक मुद्दा राहिला. आर-१३४ए आणि आर-४०४ए च्या कंप्रेसरमध्ये पीओई नावाचं कृत्रिम तेल असतं, आणि ते हवेतला ओलावा झपाट्याने ओढतं. तेलात एकदा मुरलेलं पाणी व्हॅक्यूमने फारसं निघत नाही. कंप्रेसरची तोंडं पंधरा मिनिटांपेक्षा जास्त उघडी राहिली असतील, किंवा लीकमधून महिनोन्‌महिने हवा जात राहिली असेल, तर तेल बदलाच. कंप्रेसर सोडवून, आडवा करून जुनं तेल मापात काढा आणि सीलबंद, नव्या डब्यातलं तेवढंच भरा. महिन्यापूर्वी उघडलेला अर्धा डबा वापरू नका. काढलेल्या तेलाला आंबट, जळका वास असेल तर तो कंप्रेसर फेज-चेंजसाठी पुन्हा वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

कुणी मेकॅनिक थोडं मिथेनॉल किंवा गोठू न देणारं औषध आत सोडू म्हणाला तर नम्रपणे नकार द्या. त्याने चोक थांबल्यासारखा दिसतो, पाणी मात्र आतच राहतं, आणि मिथेनॉल अ‍ॅल्युमिनियम आणि मोटरच्या वायंडिंगचं इन्सुलेशन खातं. आज वाचवलेल्या ड्रायरच्या बदल्यात कंप्रेसर जातो.

गॅस वजनावर भरा, गेजच्या अंदाजावर नाही. सगळं नव्याने बांधायचं असेल तर उणे ३५-४० साठी माझी पसंती आर-२९० ला आहे. तो वातावरणाच्या दाबाला उणे ४२ ला उकळतो. म्हणजे हेड उणे ३५ ला असताना गेजवर पाचेक पीएसआय आणि उणे ४० ला दीडेक पीएसआय राहतो. सक्शन बाजू बाहेरच्या हवेपेक्षा वर राहिली की बारीक लीकमधून पाणी आत यायचा रस्ताच राहत नाही. पण मग बाहेर जाईल तो प्रोपेन, आणि तो हवेच्या दीडपट जड असल्याने जमिनीलगत साचतो, जिथे आपला पॉवर सप्लाय आणि एक्स्टेन्शन बोर्ड असतात. हवेत दोन टक्क्यांवर गेला की तो पेट घेऊ शकतो. स्टार्टिंग रिले हायड्रोकार्बनसाठी मान्य असलेलाच लावा, खोलीला वारा राहू द्या, आणि गॅस रेफ्रिजरंट दर्जाचाच घ्या. स्वयंपाकाच्या सिलिंडरमधला गॅस म्हणजे प्रोपेन-ब्युटेनचं मिश्रण, वासाचं रसायन आणि ओलावा; त्याने प्रेशरचे सगळे हिशेबही चुकतात.

बोर्डवरच्या पाण्याचा या चोकशी संबंध नाही. सॉकेटमध्ये दव धरत असेल तर नायट्रिल रबराचं इन्सुलेशन, सांध्यात हवा न राहील असं चिकटवून, आणि सॉकेटमध्ये डायइलेक्ट्रिक ग्रीस, हा त्याचा उपाय आहे. तो विषय मोठा आहे, पण त्यासाठी सर्किट उघडायची गरज नसते.

दुरुस्तीनंतर लगेच ओव्हरक्लॉक करू नका. प्रोसेसर मूळ फ्रिक्वेन्सीवर ठेवून पूर्ण लोड द्या आणि हेडचं तापमान, सक्शन, डिस्चार्ज आणि करंट दर पाच मिनिटांनी लिहा. पहिल्या दोन-तीन तासांत सक्शनचा काटा एखादा झटका देऊन सावरला तर चिंता नको, ड्रायर काम करतोय. कागद जपून ठेवा आणि महिन्याभराने तेवढ्याच खोलीच्या तापमानाला, तेवढ्याच लोडवर तीच मापं पुन्हा घ्या. चोक नसेल पण डिस्चार्जचं प्रेशर दहा-पंधरा पीएसआयने वर सरकलं असेल आणि कंडेन्सरची जाळी स्वच्छ असेल, तर हवा अजून कुठून तरी आत येतेय. युनिट तेव्हाच थांबवा आणि नायट्रोजन लावा. ड्रायर अजून भरलेला नसतो, तेल बिघडलेलं नसतं, आणि एका जोडावर काम भागतं.